सव्वीस वर्षांची फाईल

द्राक्षांच्या बाबतीत आम्ही सांगलीकर नाशिकला मोजत नाही. पण नाशिकजवळ ओझरला १९६४ साली रशियन मिग-२१ विमानांचा कारखाना निघाला, तिथं आम्ही गप्प! १४ डिसेंबर १९७१ ला याच जातीच्या विमानांनी ढाक्यात गव्हर्नरच्या बंगल्यावर रॉकेटं सोडली आणि गव्हर्नरसाहेबांनी तिथल्या तिथं राजीनामा खरडला. आमच्या बँकेत रजेचा अर्जही इतका झटपट होत नाही!

१९६३ ला रुजू झालेलं मिग २०२५ ला निवृत्त झालं. पण नवशिक्या वैमानिकाला हळू चालीच्या विमानावरून थेट या उधळत्या घोड्यावर बसवायचे. मधल्या पायरीचं सरावाचं जेट समितीनं १९८२ ला मागितलं, ते आलं २००८ ला. तोवर कितीतरी पोरं गेली.

"होईल हो सावकाश!" हे काउंटरवर म्हणताना हल्ली माझी जीभ अडखळते.