प्रभाकर बरवे

प्रभाकर बरवे (जन्म : १६ मार्च १९३६, नागाव, ता. अलिबाग, मृत्यू : ६ डिसेंबर १९९५, मुंबई) हे मराठी चित्रकार आणि कलाविषयक लेखक होते. घरांची दारे-खिडक्या आणि दुकानांच्या पाट्या रंगवण्यासाठी कारखान्यात तयार होणारा एनॅमल रंग त्यांनी कॅनव्हासवरील चित्रांसाठी वापरला. भौमितिक आकार, नित्य वापरातील वस्तू आणि विस्तीर्ण रिकामा अवकाश ही त्यांच्या चित्रांची ठळक वैशिष्ट्ये आहेत. कोरा कॅनव्हास (१९९०) हे त्यांचे पुस्तक मराठी कलाविचारातील महत्त्वाचे लेखन मानले जाते.

शिक्षण आणि नोकरी

बरवे यांनी मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून १९५९ मध्ये पदविका घेतली. त्यानंतर ते केंद्र शासनाच्या वीव्हर्स सर्व्हिस सेंटर या संस्थेत रुजू झाले. हातमाग विणकरांना नव्या बाजारपेठेसाठी नक्षी व रंगसंगती पुरवणे हे या केंद्राचे काम होते. के. जी. सुब्रमण्यन आणि अंबादास यांसारख्या चित्रकारांनीही या संस्थेत काम केले होते. १९६० च्या दशकाच्या पूर्वार्धात बरवे यांची नेमणूक वाराणसी येथे झाली. पुढे ते मुंबईच्या केंद्रात आले. कापडावरील नक्षीत एकच आकार पुनःपुन्हा येतो आणि दोन आकारांमधील मोकळी जागाही आकाराइतकीच महत्त्वाची असते. आकार आणि अवकाश यांचा हाच संबंध पुढे त्यांच्या चित्रांचाही गाभा ठरला.

तांत्रिक प्रतीकांचा काळ

वाराणसीच्या वास्तव्यात बरवे यांचा तांत्रिक यंत्रे व प्रतीके यांच्याशी परिचय झाला. त्रिकोण, वर्तुळ, बिंदू आणि चौकट यांवर आधारलेली चित्रे त्यांनी या काळात केली. त्यांचे शिक्षण झालेल्या जे. जे. स्कूलमधील शंकर पळशीकर, तसेच बिरेन डे आणि जी. आर. संतोष हे चित्रकारही अशाच प्रतीकांकडे वळले होते. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात तंत्रकलेविषयीचे कुतूहल परदेशातही वाढले आणि 'भारतीय' दिसणारी अमूर्त चित्रे असा तिचा एक ठसा तयार झाला. बरवे या ठशात अडकून पडले नाहीत. १९७० च्या दशकात त्यांच्या चित्रांतून तांत्रिक चिन्हे हळूहळू मागे पडली आणि त्यांच्या जागी पान, घड्याळ, टाकाचे निब, ढग असे ओळखीचे आकार आले.

एनॅमल रंगाचा वापर

एनॅमल रंग वाळताना आपोआप समतल होतो, त्यामुळे कुंचल्याचे फटकारे पृष्ठभागावर फारसे उमटत नाहीत. तैलरंगाप्रमाणे तो सावकाश घोळवून एका छटेतून दुसऱ्या छटेत नेता येत नाही. रंगाचे क्षेत्र सलग आणि त्याची कडा स्पष्ट राहते. चित्रकाराच्या हाताची खूण पुसून टाकणारा हा गुण बरवे यांच्या प्रकृतीला मानवणारा होता. त्यांच्या चित्रांत वस्तू सपाट, शांत पार्श्वभूमीवर सुट्या ठेवल्यासारख्या दिसतात. तथापि, हा रंग काळाच्या ओघात पिवळसर व ठिसूळ होऊ शकतो, म्हणून अशा चित्रांच्या जतनाला विशेष काळजी लागते.

औद्योगिक रंगांचा असा वापर इतरत्रही झाला होता. लास्लो मोहोली-नागी यांनी १९२३ मध्ये पोलादी पत्र्यावरील एनॅमलची चित्रे कारखान्यातून करवून घेतली. अमेरिकेत जॅक्सन पोलॉक आणि फ्रँक स्टेला यांनी घररंगणीचे रंग वापरले. १९८० च्या दशकात न्यू यॉर्कमधील 'निओ-जिओ' प्रवाहातील पीटर हॅली यांनी झगझगीत फ्लुओरोसंट रंग आणि भिंतींना खरबरीतपणा देणारे मिश्रण वापरून चौकोनांची चित्रे केली. त्यांतील चौकोन म्हणजे ग्राहकसंस्कृतीने माणसासाठी आखलेल्या कोठड्या होत, असे त्यांचे प्रतिपादन होते.

बरवे यांची दिशा याहून वेगळी आहे. त्यांनी बाजारातील मालावर भाष्य केले नाही. घड्याळ किंवा निब यांचा उपयोग, किंमत आणि मालकी बाजूला सारली की जो आकार उरतो, त्याचा त्यांनी शोध घेतला. त्यामुळे त्यांची चित्रे पूर्णतः अमूर्तही नाहीत आणि वस्तुचित्रेही नाहीत. वस्तू ओळखू येते, पण तिचा रोजचा अर्थ तिच्यापासून सुटलेला असतो. बाजारासाठी बनवलेल्या रंगानेच त्यांनी हे साधले, ही बाब विशेष लक्षणीय आहे.

लेखन

बरवे दैनंदिन्यांमध्ये रेखाटने, टिपणे आणि चित्रांविषयीचे विचार नियमितपणे लिहीत असत. कोरा कॅनव्हास या पुस्तकात वस्तू, आकार, अवकाश आणि चित्र घडण्याची प्रक्रिया यांचे विवेचन आहे. परिभाषेचे ओझे न वाढवता सोप्या मराठीत मांडलेला हा विचार कलाविद्यार्थ्यांनाही उपयुक्त ठरला. या पुस्तकाचे इंग्रजी भाषांतरही झाले आहे.

सन्मान आणि मरणोत्तर प्रदर्शन

१९७६ मध्ये बरवे यांना ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. फेब्रुवारी २०१९ मध्ये मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात 'इनसाइड द एम्प्टी बॉक्स' हे त्यांच्या कामाचे सिंहावलोकनी प्रदर्शन भरले. उद्घाटनप्रसंगी अभिनेते व दिग्दर्शक अमोल पालेकर यांनी संग्रहालयाच्या स्थानिक कलावंतांच्या सल्लागार समित्यांविषयीच्या निर्णयावर टीका केली, तेव्हा त्यांना भाषणात अडवण्यात आले. या घटनेची देशभर चर्चा झाली.