ठगनायक अमीर अली व स्वभावाचे सांचे

मनुष्याच्या स्वभावाला एकदां नांव दिलें म्हणजे त्याच्या कृत्यांचा उलगडा झाला, असें समजण्याची हौस फार जुनी आहे. गीतेच्या चवदाव्या अध्यायांतील त्रिगुण, वैद्यांच्या वातादि प्रकृति, युंगनें १९२१ सालीं मांडलेले अंतर्मुख-बहिर्मुख हे भेद आणि त्यांच्या आधारें अमेरिकेंत ब्रिग्ज व मायर्स ह्या मायलेकींनीं रचलेले सोळा प्रकार, हीं सर्व त्याच हौसेचीं अपत्यें होत. हे सांचे कोठवर पुरतात हें पाहण्यासाठीं आम्हीं एक कल्पित ठगनायक निवडला आहे.

निजामाच्या नोकरींतील मेडोज टेलर ह्यांच्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ (१८३९) ह्या कादंबरीचा नायक अमीर अली तुरुंगांतून साहेबास आपली हकीकत सांगतो. ७१९ खुनांत त्याचा हात होता. तरी तो उग्र मुद्रेचा राक्षस नव्हे. तो गोड बोलणारा, धीट, बायकामुलांवर जीव टाकणारा आहे. त्रिगुणांचा अभ्यासक त्याला रजोगुणी म्हणेल, युंगचा अनुयायी बहिर्मुख. दोघांचेंहि म्हणणें खोटें नाहीं. परंतु हेच गुण एखाद्या नामांकित सेनापतींतहि आढळतात. मग हा ठगच कां झाला? ह्याचें उत्तर त्याच्या प्रकृतींत नसून हकीकतींत आहे. ज्या इस्माईलच्या टोळीनें त्याच्या आईबापांस मारलें, त्यानेंच त्या पोरक्या मुलास पुत्र म्हणून वाढविलें व त्याच्या हातीं रुमाल दिला.

खऱ्या ठगांवरहि असाच प्रयोग झाला. फांशीं गेलेल्या सात ठगांच्या कवट्या सागरचे डॉ. स्प्राय ह्यांच्याकडून एडिंबरोस पोंचल्या. तेथील मंडळ कवटीच्या उंचवट्यांवरून शील ओळखीत असे. १८३४ च्या सुमारास रॉबर्ट कॉक्स ह्यांनीं त्या तपासल्या, तों संहारवृत्तीचा उंचवटा अपेक्षेइतका ठळक दिसेना! अखेर लोभ, संस्कार व धर्मभ्रम ह्यांकडे त्यांना वळावें लागलें.

आम्ही हें लिहितों तें फुलचूर गोंदियास लागून आहे. गोंदियाहून लोहमार्ग जातो त्या जबलपुरास माफीच्या साक्षीदार ठगांसाठीं १८३७ च्या सुमारास उद्योगशाळा निघाली. तेथें त्याच हातांनीं तंबू शिवले, गालिचे विणले. माणसांची प्रकृति पालटली नव्हती. त्यांचें काम व भोंवतालची परिस्थिति पालटली होती.

तरीहि सरकारनें सांचाच पसंत केला. १८३६ च्या कायद्यानें ठगांच्या टोळींत असणें एवढ्यालाच जन्मभर कैद ठरविली. १८७१ च्या कायद्यानें तर संबंध जमाती जन्मतःच गुन्हेगार लेखल्या जाऊं लागल्या. त्या परंपरेंतील अखेरचा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजीं रद्द झाला. परंतु फासेपारध्यांसारख्यांच्या कपाळींचा डाग अद्यापि पुसला गेलेला नाहीं.

स्वभावाचे सांचे आत्मपरीक्षणास वा करमणुकीस खुशाल वापरावे. दुसऱ्याचा निवाडा करतांना मात्र, त्याची जात कोणती हें ठरविण्यापूर्वीं, त्याची हकीकत विचारावी हें बरें.