मानेवरची शीर

परवा भाचीने मोबाईलवर कोडं घातलं. प्रसिद्ध शिल्पांचे नुसते तुकडे बघून नाव ओळखायचं. मांडीत रुतलेली बोटं दिसली आणि मी लगेच 'बर्निनीची प्रॉसर्पिना' म्हणून मोकळा झालो. पुढचा फोटो होता फक्त मानेचा, संगमरवरावर फुगलेली एक शीर. हरलो! तो निघाला मायकेलअँजेलोचा डेव्हिड.

मग नीट वाचलं. १५०१ ते १५०४ मध्ये घडवलेला हा १७ फुटी पुतळा. धडधाकट माणूस निवांत उभा असताना ही शीर अशी फुगत नाही, छाती धडधडत असताना फुगते, हे २०१९ मध्ये एका अमेरिकन डॉक्टरांनी दाखवून दिलं. हार्वेने रक्ताभिसरण मांडलं ते १६२८ मध्ये, म्हणजे सव्वाशे वर्षांनी!

दोनातेल्लोच्या डेव्हिडच्या पायाशी गोलिएथचं मुंडकं आहे. इथे ते नाही. लढाई अजून व्हायचीय. इतकी वर्षं मी याला जिंकलेला वीर समजत होतो. प्रत्यक्षात तो पेपरच्या घंटेआधीचा पोरगा. अंग सैल, पण मानेवर शीर तट्ट.

भाचीची बारावी सोमवारपासून. तिला म्हटलं, "धडधडतंय ना? त्यालाही धडधडत होतं."