टेक्स्ट एडिटरची निवड : 'व्हीआय'च्या इतिहासाचा एक पैलू

प्रोग्रॅमचा सोर्स कोड कोणत्या टेक्स्ट एडिटरमध्ये लिहावा, हा प्रश्न सहसा वैयक्तिक आवडीचा मानला जातो. इतिहास पाहता ही निवड बरीचशी यंत्रांनी आणि परवान्यांनी ठरवलेली दिसते. १९६९ च्या सुमारास बेल प्रयोगशाळेत केन थॉम्पसन यांनी रचलेला 'एड' ओळींच्या हिशेबाने काम करी. कारण त्या काळी समोर पडदा नसून कागदावर छापणारा टेलिप्रिंटर असे. १९७६ मध्ये बर्कली विद्यापीठातील विद्यार्थी बिल जॉय यांनी 'व्हीआय'चे काम सुरू केले. त्यांची दूरध्वनी-जोडणी ३०० बॉडची, म्हणजे सेकंदाला जेमतेम तीस अक्षरे वाहून नेणारी होती. एकेका अक्षराच्या आज्ञा त्या मंदगतीतून आल्या. त्यांच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाण एच, जे, के, एल याच कळांवर छापलेले होते. टर्मिनल कालबाह्य झाले. कळांचा वापर टिकला.

'व्हीआय'चा पाया मात्र 'एड'च्या सोर्स कोडवर होता. त्यामुळे एटी अँड टीच्या परवान्याविना तो कोणाला देता येत नसे. हा अडसर २००२ मध्ये दूर झाला, पण तोवर पर्यायांनी जागा घेतली होती. १९९१ मध्ये ब्रॅम मूलेनार यांनी अमिगा संगणकासाठी 'व्हिम' प्रसिद्ध केला. लिनक्सवर 'व्हीआय' ही आज्ञा दिली असता बहुधा तोच उघडतो.