मज्जा : मातृकांच्या शेजारचा सापळा

वेरूळच्या चौदाव्या लेण्यात, ज्याला लोक ‘रावण की खाई’ म्हणतात, सप्तमातृका ओळीने बसल्या आहेत. प्रत्येकीजवळ मूल आहे. त्यांच्या सोबतीला गणपती आहे आणि अगदी शेजारी मांस झडलेल्या, बरगड्या उघड्या पडलेल्या आकृती आहेत. एकविसाव्या, म्हणजे रामेश्वर लेण्यातही मातृकांच्या सान्निध्यात असेच सापळे भेटतात. अभ्यासक त्यांना काल आणि काली म्हणतात. चौदाव्या लेण्यातल्या तांडवशिल्पात शिवाच्या मागे आणखी एक हाडकुळी आकृती आहे, ती भृंगीची. बहुतेक प्रेक्षक कैलास लेणे पाहून दमलेले असतात, ‘किती भयंकर!’ एवढे म्हणून ते पुढे जातात. सहाव्या-सातव्या शतकांच्या आसपास कोरलेल्या या आकृतींपाशी मी मात्र वारंवार थांबत आलो आहे. मी वैद्य नाही आणि डॉक्टरही नाही. मूर्तीचा अर्थ लावता लावता शरीराच्या ग्रंथांकडे गेलो आणि एका शब्दापाशी अडकलो. तो शब्द म्हणजे मज्जा.

सुरुवात भृंगीपासून करू. भृंगी शिवाचा हट्टी भक्त. त्याला प्रदक्षिणा फक्त शिवालाच घालायची होती, पार्वतीला नाही. शिवपार्वती एकदेह झाले, तेव्हा तो भुंगा होऊन मधूनच वाट काढू लागला. संतापलेल्या देवीने शाप दिला की, आईकडून आलेले जे काही तुझ्या देहात आहे ते गळून जावो. रक्त-मांस गेले आणि हाडे उरली. त्याला उभेही राहवेना, म्हणून शिवाने दया येऊन तिसरा पाय दिला. कथा भक्तीची आहे, पण तिच्या पोटात शरीराचा एक हिशेब आहे : कठीण ते बापाचे, मऊ ते आईचे.

हा हिशेब कथेकऱ्यांच्या पदरचा नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात तो स्पष्ट मांडला आहे. केस, नखे, दात, हाडे, स्नायू, रेत असे स्थिर भाग पित्याकडून येतात. मांस, रक्त, मेद, हृदय, यकृत, प्लीहा, आतडी असे मृदू भाग मातेकडून. या दुसऱ्या यादीत मज्जाही आहे. चरकसंहितेतही अशाच दोन याद्या आहेत, पण तिथे मज्जा कोणत्याच यादीत नाही. म्हणजे हाडाच्या आत दडलेला हा मऊ पदार्थ कोणाच्या नावावर टाकायचा, याचा निर्णय सुश्रुताने घेतला : हाड बापाचे, पण हाडाच्या पोटातले आईचे. या हिशेबाने भृंगीचे हाडदेखील पोकळ झाले असणार. शिल्पकार बरगड्या कोरू शकतो, खपाटीला गेलेले पोट कोरू शकतो. हाडाची पोकळी त्याला दाखवता येत नाही. ती दिसते भृंगीच्या उभे न राहता येण्यात.

सुश्रुताच्या परंपरेत प्रेत उघडून पाहण्याची रीत सांगितली आहे. गवतात गुंडाळलेले प्रेत पिंजऱ्यात घालून वाहत्या पाण्यात सात रात्री ठेवायचे आणि मग एकेक थर हळूहळू घासून काढत आतले अवयव डोळ्यांनी पाहायचे. या पाहण्यातून आलेले वाटावे असे एक विधान त्याच शारीरस्थानात आहे. मोठ्या, जाड हाडांत मुख्यत्वे मज्जा असते. बाकीच्या हाडांत असतो तो रक्तयुक्त मेद. आजचे शरीरशास्त्र सांगते की, प्रौढ माणसाच्या मांडी-दंडाच्या लांब हाडांच्या दांड्यांत पिवळी, चरबीयुक्त मज्जा असते आणि कटी, उरोस्थी, बरगड्या, मणके, कवटी यांत लाल मज्जा. फरक नेमका टिपला आहे.

इथे एक मोह होतो आणि तो टाळला पाहिजे. ‘सगळे आपल्याकडे आधीच होते’ असे म्हणून टाळी घेता येते. पण आयुर्वेदात धातूंचा क्रम रस, रक्त, मांस, मेद, अस्थि, मज्जा, शुक्र असा आहे. रक्त दुसरे, मज्जा सहावी. रक्ताचे स्थान यकृत आणि प्लीहा. रक्त मज्जेत तयार होते हे त्या चौकटीत बसणारच नव्हते. तिथे प्रवाह उलट दिशेचा आहे. रक्तपेशी हाडांतल्या मज्जेत तयार होतात हे १८६८ साली जर्मनीत अर्न्स्ट नॉयमान आणि इटलीत ज्युलिओ बिझोझेरो यांनी स्वतंत्रपणे दाखवले. लाल मज्जा पाहणे वेगळे आणि ती लाल का आहे हे कळणे वेगळे. मज्जा बिघडल्यावर भोवळ, मूर्च्छा, डोळ्यांपुढे अंधारी येते, असे चरक सांगतो; रक्तपेशी बनेनाशा झालेल्या रोग्यालाही हेच होते. पण त्याच वाक्यात सांध्यांतल्या वेदना आणि खोल मुळांचे व्रणही आहेत. अर्धे वाक्य उचलून त्याला आजच्या रोगाचे नाव देणे हा इतिहास नव्हे.

आता शब्दाकडे. लॅटिनमध्ये ‘मेड्युला’ म्हणजे हाडातला किंवा झाडाच्या खोडातला गाभा. युरोपातल्या शरीरशास्त्रज्ञांनी हा शब्द सैल हाताने वापरला. पाठीच्या कण्यातला मऊ दोर ही त्यांना कण्याची मज्जा वाटली. मेंदूच्या तळाशी, श्वास आणि हृदयाचे ठोके सांभाळणारा जेमतेम तीन सेंटिमीटरचा भाग, तोही मेड्युलाच. मूत्र दाट करणारा मूत्रपिंडाचा आतला भाग मेड्युला आणि संकटात ॲड्रेनॅलिन सोडणारा अधिवृक्क ग्रंथीचा गाभाही मेड्युला. वेदनाशामक गोळ्या वर्षानुवर्षे खाल्ल्या की मूत्रपिंडाच्या याच आतल्या भागाला इजा पोहोचते. अधिवृक्काच्या गाभ्यात गाठ झाली तर रक्तदाब एकाएकी उसळतो. या चार-पाच गाभ्यांचे काम, घडण, रोग यांत काही साम्य नाही. साम्य आहे ते फक्त जागेचे : सगळे आत आहेत.

एकोणिसाव्या शतकात मराठीत पाश्चात्त्य वैद्यक येऊ लागले, तेव्हा भाषांतरकारांपुढे ‘मज्जा’ तयारच होती. मग मज्जारज्जू आला, मज्जातंतू आले, मज्जासंस्था आली. मूळ घोळ युरोपचा, पण मराठीने तो अधिक पसरवला. चरकाने मज्जा एक ओंजळ आणि मस्तिष्क अर्धी ओंजळ असे दोन निरनिराळे हिशेब ठेवले होते. आपण मात्र हाडातला गर आणि संवेदना वाहणारा तंतू यांना एकच नाव दिले. पुढे पाठ्यपुस्तकांनी चेतासंस्था, मेरुरज्जू, मस्तिष्कपुच्छ असे शब्द रुळवले आणि घोळ निस्तरला. पण तो वर्गापुरता. घरात आणि दवाखान्यात आजही मज्जातंतूच चालतो.

यात बिघडले काय, असे कोणी विचारील. १९८३ साली, वेरूळची लेणी जागतिक वारसा यादीत गेली त्याच वर्षी, मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी भारतातले पहिले अस्थिमज्जा प्रत्यारोपण केले. रक्ताच्या कर्करोगात आणि इतर काही रक्तविकारांत हा उपचार जीव वाचवतो. सख्ख्या भावंडाची मज्जा जुळण्याची शक्यता चारात एक असते. म्हणजे अनेक रुग्णांना परक्या दात्याकडे पाहावे लागते. अशा वेळी ‘मज्जा द्या’ हे शब्द मराठी कानावर पडले की माणसाला पाठीचा कणा आठवतो. मज्जारज्जूला धक्का लागेल, पाय जातील, ही भीती मी सुशिक्षित घरांतही ऐकली आहे. प्रत्यक्षात आज बहुधा दंडाच्या शिरेतून रक्त घेऊन त्यातल्या मूळपेशी वेगळ्या करतात, नाहीतर भूल देऊन कमरेच्या हाडातून मज्जा काढतात. मेरुरज्जूला कोणी हातही लावत नाही आणि दिलेली मज्जा काही आठवड्यांत भरून येते. भीतीची कारणे अनेक असतील. त्यांतले एक आपल्या शब्दकोशात आहे. म्हणून माझे म्हणणे एवढेच, की मज्जा हा शब्द हाडाला परत करावा. मज्जातंतूला चेतातंतू आणि मज्जारज्जूला मेरुरज्जू म्हणावे, तेही परीक्षेपुरते नव्हे, बोलण्यात.

चौदाव्या लेण्यात मूल घेतलेल्या माता आणि रक्तमांस हरवलेले सापळे शेजारी आहेत. त्या शिल्पकारांनी सुश्रुत वाचला होता असा माझा दावा नाही. मातृकांशेजारी मृत्यूची आकृती असण्याला तिची स्वतंत्र धार्मिक कारणे आहेत. पण ज्याला आईचा वाटा नाकारायचा होता त्याचा सापळा झाला, ही कथा ज्यांना ठाऊक आहे, त्यांना त्या भिंतीवर जीवन आणि पोकळ हाड यांच्यातले अंतर दोन-चार हातांचेच दिसेल. ते अंतर आता एका माणसाने दुसऱ्याला दिलेल्या मज्जेने भरून काढता येते. त्यासाठी तिला आधी नीट ओळखायला हवे.