टाकीच्या कामानंतर फ्युएल पंप पेट्रोल का ओढत नाही?
टाकी उतरवून गंज साफ केल्यावर जुनी मारुती ८०० सुरू होऊन बंद पडते. नवा पंप आणायला सोनपेठहून परळी किंवा परभणी गाठण्याआधी थोडी तपासणी करावी.

कार्ब्युरेटरच्या गाडीत पंप इंजिनावर असतो. टाकीकडील नळीची क्लिप ढिली राहिली, तर पेट्रोल न गळताही तो हवा ओढतो. टाकीचे झाकण उघडताच गाडी नीट चालली, तर हवेची नळी तुंबलेली असते. गंजाने भरलेला फिल्टर बदलावा.

एमपीएफआय गाडीत पंप टाकीतच असतो. चावी फिरवल्यावर दोन-तीन सेकंद त्याची घरघर ऐकू आली नाही, तर आधी फ्यूज, रिले आणि टाकीजवळचा कनेक्टर पाहावा.

रिकाम्या टाकीतही वाफ उरते. तिला वेल्डिंग केल्यास स्फोट होऊ शकतो.