बरगी जलाशयातील टापूगावे

बरगी जलाशयातील टापूगावे : मध्य प्रदेशात नर्मदेवरील बरगी धरणाच्या फुगवट्यामुळे पूर्णतः किंवा तीन बाजूंनी पाण्याने वेढली गेलेली गावे व पाडे. ती जबलपूर, मंडला आणि सिवनी या तीन जिल्ह्यांच्या सीमाभागात विखुरलेली आहेत. समुद्र इथून शेकडो किलोमीटर दूर असल्यामुळे नकाशात बेटे शोधताना या बाजूला सहसा कोणाचे लक्ष जात नाही. जबलपूरच्या जुन्या वस्तीतील सराफा बाजारापासून धरण साधारण ४० किलोमीटरवर आहे आणि तिथवर चांगली सडक जाते. दुर्गमता सुरू होते ती धरणाच्या भिंतीमागे.

ही बेटे निसर्गनिर्मित नाहीत. अमरकंटकला उगम पावलेली नर्मदा मंडल्याहून जबलपूरकडे येताना सातपुडा-मैकलच्या टेकड्यांमधून वळणे घेते. या टप्प्यात १९७४ मध्ये धरणाचे काम सुरू झाले आणि १९९० मध्ये ते पुरे झाले. नर्मदा खोऱ्यातील नियोजित ३० मोठ्या धरणांपैकी पूर्णत्वास गेलेले हे पहिले. भिंतीची उंची सुमारे ६९ मीटर, लांबी सुमारे ५.४ किलोमीटर, दरवाजे २१ आणि जलविद्युत केंद्राची क्षमता ९० मेगावॉट आहे. जलाशयाला राणी अवंतीबाई सागर असे नाव आहे. १८५७ च्या उठावात इंग्रजांशी लढलेल्या रामगढच्या राणीचे हे स्मारक. पूर्ण संचय पातळी समुद्रसपाटीपासून ४२२.७६ मीटर आहे. त्या पातळीला पाणी सुमारे ७५ किलोमीटर मागे पसरते आणि अडीचशे चौरस किलोमीटरहून अधिक जमीन व्यापते. दऱ्या आणि नाल्यांकाठची शेते बुडाली. टेकड्यांचे माथे व उंचवटे वर राहिले, आणि त्यांवर जी वस्ती होती किंवा खालून सरकून आली, तीच आजची टापूगावे.

धरणामुळे १६२ गावे बाधित झाली : मंडल्यातील ९५, सिवनीतील ४८ आणि जबलपूरमधील १९. त्यांपैकी ८२ गावे पूर्णपणे बुडाली. आधीच्या अंदाजात १०१ गावांचाच हिशेब होता. त्यामुळे पाणी चढू लागले तेव्हा अनेक गावांना आपण बुडीत क्षेत्रात आहोत हे पाण्याकडूनच कळले. पुनर्वसनासाठी दिलेल्या जागांपैकीही काही बुडाल्या. ज्या सर्वेक्षणातून पुनर्वसनाची जागाच निसटते, त्याला निव्वळ तांत्रिक चूक म्हणून सोडून देता येत नाही. बाधितांत गोंड आदिवासींचे प्रमाण मोठे. मोबदला मुख्यतः रोख मिळाला आणि जमिनीच्या बदल्यात जमीन हे तत्त्व इथे लागू झाले नाही. बरीच कुटुंबे जबलपूर शहरात जाऊन सायकलरिक्षा ओढू लागली, बांधकामावर लागली. जी गेली नाहीत, ती वर सरकली.

टापूचा आकार वर्षभर सारखा राहत नाही. पावसाळ्याअखेर जलाशय भरला की गाव आक्रसते. उन्हाळ्यात पाणी उतरले की चिखलाचा पट्टा उघडा पडतो आणि काही ठिकाणी मुख्य भूमीशी पायवाट जुळते. त्या पट्ट्यातील गाळपेर हाच इथल्या शेतीचा कणा असल्याने पाणी कधी उतरणार हा इथला सर्वांत मोठा प्रश्न. डिसेंबरच्या मध्यापर्यंत पातळी ४१८ मीटरवर आणावी, म्हणजे रब्बीची पेरणी वेळेत साधेल, ही विस्थापितांच्या संघटनेची जुनी मागणी. वीज व सिंचनासाठी पाणी धरून ठेवू पाहणारे खाते एका बाजूला, ओल असेतो बी टाकू पाहणारा शेतकरी दुसऱ्या बाजूला. हा वाद जेमतेम पाच मीटर पाण्याचा आहे. उंचवट्यावरच्या हलक्या जमिनीत कोदो-कुटकी होते. जंगलातून मोह आणि तेंदूपाने मिळतात.

दळणवळणाचे साधन नाव. बढैयाखेडा हे गाव तीन बाजूंनी पाण्याने वेढलेले असून चौथीकडे जंगल आहे, म्हणजे जमीन असूनही वाट नाही. बाजार, दवाखाना, रेशन, वरच्या वर्गाची शाळा या सगळ्यांसाठी अशा गावांना पाणी ओलांडावे लागते. पावसाळी वाऱ्यात जलाशयावर लाटा उठतात, तेव्हा तेही जमत नाही.

मासेमारी हा नवा धंदा. शेतकरी असलेल्यांनी जाळे हाती घेतले, पण मासेमारीचा ठेका मात्र बाहेरच्यांकडे होता. आंदोलनानंतर १९९४ मध्ये विस्थापितांच्या ५४ प्राथमिक सहकारी संस्थांच्या संघाला हक्क मिळाले. देशातील धरणग्रस्तांच्या लढ्यांत ही दुर्मीळ मिळकत म्हणावी लागेल. ती टिकली नाही. काही वर्षांनी हक्क राज्याच्या मत्स्य महासंघाकडे गेले.

मराठी वाचकाला हा मुलूख वाटतो तितका परका नाही. बाळाजी बाजीराव पेशव्यांनी १७४२ मध्ये मंडल्यावर स्वारी केली, तीत गोंड राजा महाराजशाह मारला गेला. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी गढा-मंडला राज्य संपवले. पुढे हा भाग नागपूरकर भोसल्यांकडे आला आणि १८१७-१८ च्या युद्धानंतर इंग्रजांकडे गेला. १८६१ पासून १९५६ पर्यंत तिन्ही जिल्ह्यांचा कारभार नागपूर राजधानीतूनच चाले. जबलपूर-नैनपूर-गोंदिया ही अरुंदमापी रेल्वे घनसौरवरून महाराष्ट्रात उतरत असे. २०१५ मध्ये तिचा जबलपूर-नैनपूर टप्पा रुंदीकरणासाठी बंद झाला आणि नंतर मार्ग ब्रॉडगेज झाला. आज सर्वाधिक मराठी पावले इथे वाजतात ती नर्मदा परिक्रमेची. जुनी किनारवाट आणि तीवरचे घाट पाण्याखाली गेल्याने परिक्रमावासीयांना आतून मोठा वळसा घ्यावा लागतो. नदी ओलांडायची नाही हा परिक्रमेचा नियम असल्यामुळे टापूंकडे जाणारी नाव त्यांच्या कामाची नसते.

धरण आणि त्याच्या परिसराशी निगडित दोन गोष्टी नोंदवण्याजोग्या. २२ मे १९९७ च्या पहाटे झालेल्या जबलपूर भूकंपात कोसमघाट परिसराची मोठी हानी झाली. दुसरी गोष्ट कालव्यांची. उजव्या कालव्याचे पाणी कटनी, सतना, रीवा जिल्ह्यांना देण्यासाठी स्लीमनाबादजवळ सुमारे १२ किलोमीटरचा बोगदा आखला गेला. धरण पुरे झाल्यानंतर वीस वर्षांहून अधिक काळ लोटला तरी तो खोदून झालेला नव्हता. गावे बुडाली वेळेवर, पाणी पोहोचले उशिरा.

पर्यटन विभागाने धरणाजवळ विश्रामगृह उभारले आणि नौकाविहार सुरू केला. दुसरीकडे फुगवट्याच्या वरच्या अंगाला मंडला जिल्ह्यातील चुटका येथे प्रत्येकी ७०० मेगावॉटच्या दोन संचांच्या अणुवीज प्रकल्पाला २००९ मध्ये केंद्राची तत्त्वतः मान्यता मिळाली. चुटका, टाटीघाट आणि कुंडा या गावांतील कुटुंबे बरगीत एकदा उठलेली. त्यांनी विरोध केला. पर्यावरणविषयक जनसुनावणी २०१३ मध्ये दोनदा पुढे ढकलावी लागली आणि अखेर १७ फेब्रुवारी २०१४ रोजी मानेगाव येथे बंदोबस्तात पार पडली.